पत्रिकेतली मराठी गेली तेव्हा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोपरीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसमध्ये टायपिंगला होते. प्रेसच्या मालकीणबाई उदार. मासिकाबरोबर फुकट आलेली प्रत्येक सीडी त्या कॉम्प्युटरला चारायच्या. सकाळी मशीन लावलं की आधी पंचांग उघडायचं, मग सुविचार, मग स्क्रीनभर पोहणारे मासे. टायपिंग सुरू होईपर्यंत माझा अर्धा डबा संपलेला असायचा.

एकदा बाई कागद आणायला गेलेल्या. मी स्टार्टअपचं फोल्डर उघडलं. मशीनबरोबर आपोआप सुरू होणारं सगळं तिथे होतं. सगळं उडवलं, वर रिसायकल बिनही रिकामा केला. डोंबिवलीच्या क्लासचं सर्टिफिकेट माझ्याकडे होतं, अक्कल नव्हती.

मशीन बंद करून परत लावलं, तर फटकन सुरू झालं. तेवढ्यात कोळीवाड्यातले एक काका मुलीच्या पत्रिकेत चार मामांची नावं वाढवायला आले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. स्क्रीनवर काने, मात्रा आणि अर्धे ष यांची नुसती भेळ.

काका चष्मा लावून वाकले. "पोरी, यातला मामा कंचा?"

"मशीन गरम झालंय," मी ठोकून दिलं.

"मंग थंड कर. मामा उपाशी परत जाईल, पन नाव नसलं तं येवाचाच नाय."

बाई आल्या. दुसरं काही सुचेना म्हणून मी खरं सांगितलं.

"मासे गेले?"

"गेले."

"आणि मराठी?"

"तीपण."

"मासे मी परत टाकीन," बाई शांतपणे म्हणाल्या. "मराठी तू आण."

आमच्याकडे मराठी फॉन्ट बसवून गेलेल्या फॉन्टवाल्याला मी फोन लावला. तो आधी पोटभर हसला. "ताई, मराठी कीबोर्डचा प्रोग्राम मशीनबरोबर सुरू व्हावा लागतो. तुम्ही नुसता शॉर्टकट उडवलाय, प्रोग्राम जागेवर आहे. शॉर्टकट परत टाका. आणि पुढच्या वेळी उडवू नका. एकेक काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, मशीन परत लावा, काम चालतंय का बघा. जे कळत नाही त्याला हात लावू नका."

दहा मिनिटांत चारही मामा उमटले. काकांनी बोट ठेवून प्रत्येक नाव वाचलं आणि मलाही आमंत्रण दिलं.

बाईंनी माशांबरोबर बाकीचंही सगळं परत टाकलं. पुढच्या आठवड्यात मी रोज एकच गोष्ट काढली. आधी पंचांग, मग सुविचार. दर वेळी मशीन परत लावून दोन ओळी छापून बघितल्या. अँटिव्हायरसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सकाळची पाच-सहा मिनिटं वाचली. बाईंच्या ते लगेच लक्षात आलं, आणि त्या वेळात पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडे आलं.