एका माणसाची एकच नोंद

२००१ सालचा जून, शनिवारची सकाळ. कामाची रक्कम साडेतीन लाख रुपये. खोलीत आम्ही पाचजण. राजारामपुरीतल्या आमच्या कंपनीचे मालक, पुण्याहून महिन्यातून दोनदा येणारे आर्किटेक्ट सर, ज्यांच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं ते इचलकरंजीचे कापडाचे शेठ, माझ्या शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर, आणि मी. सरांचं आडनाव इथं लिहीत नाही. माझंही नाही. त्या खोलीत मात्र प्रत्येकाला प्रत्येकाचं आडनाव ठाऊक होतं.

मी फळ्यापाशी उभा होतो. हातात निळं मार्कर.

बैठक होती सॉफ्टवेअरची रचना ठरवण्याची. नेहमी येणाऱ्या अडचणींसाठी आधीच्या लोकांनी काही रचना घालून दिलेल्या असतात, त्यांना डिझाइन पॅटर्न म्हणतात. त्यातली कुठली घ्यायची हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. नंतर बदलायचं म्हणजे पाया उकरायचा.

शेठचे स्वतःचे माग होते, त्यावर कामगार होते. शिवाय ते कबनूरच्या लहान मागवाल्यांना सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेत. त्या मागवाल्यांना तिकडं खर्चीवाले म्हणतात. सरांनी वारशाची रचना काढली होती. वर 'माणूस', त्याच्या खाली फांद्या. कामगार, खर्चीवाला, व्यापारी. एकेक फांदी म्हणजे एकेक क्लास. नोंद ज्या क्लासमध्ये तयार झाली, त्याच क्लासमध्ये ती शेवटपर्यंत राहणार. आणि एका माणसाची एकच नोंद. कुणी दोनदा उचल घेऊ नये म्हणून हा नियम शेठनीच मागितला होता.

मी म्हणालो, हे चालणार नाही. कबनूरला माणूस पहिल्या पाळीत शेठच्या मागावर असतो आणि दुसऱ्या पाळीत घरी स्वतःचे दोन माग चालवतो. तो कामगारही असतो आणि खर्चीवालाही. माझे वडील कोडोलीत पहाटे दुसऱ्याच्या रानात पाणी पाजायचे आणि दहा वाजता शाळेत शिपाई म्हणून हजर व्हायचे. वडिलांचं मी खोलीत बोललो नाही. पण डोळ्यासमोर तेच होते. मी फळ्यावर दुसरी रचना काढली. माणूस एकच. त्याला भूमिका जोडायच्या. एक जोडा, दोन जोडा, नको झाली की काढा. माणसाला धक्का लागत नाही.

सरांनी ऐकून घेतलं. मग शेठकडं बघून म्हणाले,

"यांच्यात ते चालतं हो. आज एक धर्म, उद्या दुसरा. आता क्लासही बदलायचाय यांना. आमच्या सिस्टिममध्ये जो ज्यात जन्मला, तो त्यातच राहतो."

मालक मोठ्यानं हसले. "भारी बोलला की सर!" शेठ हसले. माझ्या शेजारचा हसला, मान खाली घालून.

आणि मीही हसलो.

इतक्या वर्षांनी मला सरांच्या वाक्यापेक्षा ते हसणं जास्त आठवतं. दात दाखवून हसलो. जणू विनोद दुसऱ्या कुणावर होता.

सरांनी टेबलावरचं डस्टर उचलून माझ्यापुढं धरलं. "पुसा." मी पुसलं. माझी रचना माझ्याच हातानं. कोपऱ्यात एक निळी रेघ राहिली होती, तीही परत जाऊन पुसली. मग चहा आला. तो प्यालो.

घरी वडिलांनी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं."

आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा माझे वडील दहा वर्षांचे होते. गावानं त्यांच्या घराला काम देणं बंद केलं होतं. ते सोसून त्यांनी मला शिकवलं. त्यांच्यासमोर बसून मी भाकरी खाल्ली. नीट खाल्ली.

पुढं तोच क्लास मी लिहिला. माणूस, खाली फांद्या. चोख लिहिला, कुणी चूक काढू नये असा. माझी नोकरी होती, घरभाडं होतं. ही कारणं खरी आहेत. लाज त्यानं कमी होत नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधी शेठच्या पेढीवर गेलो होतो. काहीतरी किरकोळ दुरुस्ती होती. बोनसवाटप चालू होतं. शिवाप्पा नावाचे एक विणकर खिडकीशी उभे होते. शेठच्या मागावर अकरा वर्षं. त्या उन्हाळ्यात त्यांनी जुने दोन माग घेऊन घरी बसवले आणि शेठचंच सूत आणायला सुरुवात केली. सूत द्यायचं तर खर्चीवाला म्हणून नोंद हवी. एका माणसाची एकच नोंद. म्हणून कॉम्प्युटरवरच्या मुलीनं त्यांची कामगाराची नोंद बंद केली होती.

"काका, तुमचा बोनस निघत न्हाय. कामगारात तुम्ही बंद हाईसा."

"बंद? आज सकाळच्या पाळीला मागावर हुतो की मी."

"सिस्टिम दाखवतीया तसं सांगते."

मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, "शिवाप्पाअण्णा, श्राद्ध कवा घालायचं?" सगळे हसले. शिवाप्पांनी इकडंतिकडं बघितलं. आणि तेही हसले.

ते हसणं मी ओळखलं. माझंच होतं.

मग ते माझ्याकडं वळले. "पावणं, तुम्ही केलंय व्हय हे? मग सांगा की, मी मेलो कवा?"

परत आल्यावर मी हे सगळं मालकांना सांगितलं.

सोमवारी पुन्हा तीच खोली. मालक, सर, मी. सर म्हणाले, "एक माणूस दोन क्लासचा असू शकत नाही. त्याला एक काहीतरी निवडायला सांगा. आणि तुम्ही असा प्रोग्राम लिहा, की नवी नोंद झाली की जुनी आपोआप बंद होईल. म्हणजे खिडकीवर तमाशा नको."

"मी लिहिणार नाही."

"काय?"

"तो माणूस बरोबर आहे. रचना चूक आहे. गेल्या वर्षी याच फळ्यावर मी बरोबर रचना काढली होती आणि तुम्ही माझ्या धर्मावर विनोद केला होता. सर, माझ्या आजोबांनी धर्म बदलला, ते खरं आहे. जन्मानं दिलेली जागा माणसाला सोडता येते, हे आमच्या घरात त्यांनी ठरवून ठेवलंय. त्याच्या उलट मी एकदा लिहिलं. परत लिहिणार नाही."

कुणी हसलं नाही. मी फळ्यावर तीच रचना पुन्हा काढली. माणूस एकच, त्याला भूमिका. सरांनी डस्टर पुढं केलं. मी घेतलं नाही.

"तुम्हाला पुसायचं असेल तर तुम्ही पुसा."

मालक माझ्यामागं जिन्यापर्यंत आले. "घरात बायको-पोरं हाईत, इचार कर की. दोन ओळींचं काम हाय."

"दोन ओळींचंच आहे. तेवढ्यात माणूस बंद होतो, म्हणूनच."

राजीनामा त्याच दिवशी दिला. त्यानंतर आजवर जिथं जिथं कामाला गेलो तिथं पहिल्याच बैठकीत विचारत आलोय, यात माणसाला जागा बदलता येते का? येत नसेल तर माझा हात त्याला लागत नाही. दोन कामं त्यापायी गेली. आणि माझ्यावरच्या विनोदाला मी हसत नाही. कुणी समोर हसत असेल, तर हसू संपेपर्यंत त्याच्याकडं बघत राहतो.

शेवटी कुणाला काय मिळालं तेही लिहून ठेवतो. शिवाप्पांना अकरा वर्षांची नोकरी धरून पूर्ण बोनस मिळाला. शेठनी रोख दिला, सिस्टिमच्या बाहेर. सिस्टिममध्ये ते बंदच राहिले. सरांना त्यांची फी पूर्ण मिळाली. मला नोटिशीच्या महिन्याचा पगार कापून सात हजार दोनशे रुपये मिळाले. पावतीवर सही घेताना मालक म्हणाले, "राग ठेवू नगंस मनात."

"ठेवणार," मी म्हणालो, आणि पैसे मोजून घेतले.