खवणीचे दात

पूंगोडी आमच्या कारखान्यात कामाला आली तेव्हा मी पत्रा कापायच्या मशीनवर होतो. कोईमतूरमधला छोटा कारखाना. सूत गुंडाळायच्या यंत्रांत फिरणारे कॅम, म्हणजे वाकड्या कडेच्या चकत्या, करायचा. त्या चकतीच्या आकाराचे आकडे म्हणजे आमचं पोट. मालक पळनियप्पन यांच्या वडिलांनी अकरा वर्षं खपून ते बसवले होते. मीही हत्याराला धार लावताना सगळ्यांकडे पाठ करून उभा राहायचो. कुणी कोन पाहू नये म्हणून.

पूंगोडीने मशीन चालवायला फुकटचा प्रोग्रॅम बसवला. कुणीही उघडून वाचावा, सुधारावा असा. काम नीट करायचा, पण आखूड वळणावर हत्यार धक्का खायचं.

"फुकट कोण देतं गं?" मी विचारलं.

"देणारे आहेत, अय्या." वडीलधाऱ्याला म्हणतात तसं ती मला अय्या म्हणायची. "पाठ करून उभे राहणारे जास्त, एवढंच."

ते झोंबलं. तेव्हापासून माझी नजर तिच्यावर होती.

एका दुपारी चहाच्या वेळी तिच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा दिसल्या. ती त्या बाहेर पाठवत होती. मी भरला पेला तिच्याच टेबलावर ठेवला आणि मालकांकडे गेलो.

"कॅम विकलास?" मालकांनी तिला विचारलं.

"धक्का कुठे बसतो ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कळावं म्हणून एक आकार पाठवला. आपला नाही. आपले आकडे वेगळ्या फायलीत, कुलपात आहेत."

"तोंडाने काय, कुणीही सांगेल. सिद्ध कर, नाहीतर आजच घरी जा."

"अय्यांना कापू द्या. पाठवलेलेच आकडे घ्या."

तिने पाठवलेल्या ईमेलमधूनच मालकांनी ते उतरवून घेतले. मी पत्रा घट्ट बांधला. चाळीस मिनिटं लागली. प्रत्येक आखूड वळणावर हत्यार धडकलं. पत्रा सुटला तेव्हा हातात नारळाची खवणी होती.

मालक हसले. मी हसलो नाही. मापायचं गेज घेऊन एकेक दात आमच्या कॅमशी ताडला. एकही वळण जुळलं नाही.

"आईची खवणी," ती म्हणाली. "आकार वेगळा, पण वळणं कॅमइतकीच आखूड, म्हणून घेतली."

आठवड्याभरात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून दुरुस्ती आली. धक्का गेला. पूंगोडीची नोकरी राहिली.

"त्या दिवशी चहा तसाच टाकून गेलात, अय्या," ती एकदा सहज म्हणाली.

पुढे धार लावताना ती शेजारी येऊन उभी राहिली. मी पाठ केली नाही. डावा हात मात्र कोनाच्या आड धरला.