पोटातली साधी हवा
गुलाबाच्या वासाच्या पन्नीर सोड्याची बाटली उघडली, की त्यातला वायू नाकात झणझणतो आणि मला कुंभकोणमच्या एका दवाखान्यातली दुपार आठवते. सासूबाईंच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झाली होती. आतडे फुगवल्याशिवाय आतले दिसत नाही, आणि तेव्हा तिथे साधी हवाच भरत. तपासणीनंतर त्यांचे पोट नगाऱ्यासारखे ताणले होते, कपाळावर घाम होता. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले. हवा सुटून पोट मऊ झाले नाही, तर आतड्याला भोक पडल्याची शंका धरून तंजावरला हलवावे लागेल, असे ते म्हणाले. "लाजू नका अम्मा, सोडा," नर्स तमिळमध्ये सांगत होती. सासूबाई डोळे मिटून, दात आवळून पडून राहिल्या. शेवटी त्यांनी मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, जवळ ओढले आणि घरच्या मराठीत पुटपुटल्या, "जावई उभे आहेत गे!" नर्सला मराठी येत नव्हते, तरी तिने माझ्याकडेच पाहिले. "माप्पिळ्ळै," म्हणजे जावईबापू, ती म्हणाली, "खाली जाऊन कॉफी पिऊन या." मी परतलो तेव्हा पोट मऊ झाले होते. पुढच्या तपासणीपर्यंत तिथे हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आला होता. तो आतड्यातून रक्तात शिरतो आणि श्वासावाटे निघून जातो, हे डॉक्टरांनी आधीच समजावले. सासूबाईंनी ते लक्ष देऊन ऐकले. तपासणी झाल्यावर मी आपणहून दाराकडे वळलो, तर त्या खाटेवरून म्हणाल्या, "बसा की. आता नाकानं जातं म्हणे."