कमल इतवारीतून परतलीच नाही

मंडळी, तुम्हाला माहीतच आहे, मी आराखडा न करता कादंबरी लिहितो. पात्रं नेतील तिकडे जायचं, असं इथे ब्लॉगवर तोऱ्यात सांगतही असतो. आज त्याचं फळ मिळालं.

तीन वर्षं लिहिलेली कादंबरी मी हुडकेश्वरच्या ताईला वाचायला दिली होती. आज दुपारी तिच्याकडे गेलो, तर मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "काहून गा, ते कमल वापस आली काय?"

कोण कमल, हे मलाच पटकन आठवेना.

"अरे, पोरीच्या लग्नाचे भांडे घ्याले इतवारीले गेली नाही काय! मी शेवटपर्यंत तिचीच वाट पाहून राहिली."

मी पानं चाळली. तिसऱ्या प्रकरणात कमल ऑटोत बसते, बस. त्या दिवशी मला दुसरंच पात्र सुचलं आणि मी त्याच्यामागे गेलो. पुढच्या तीनशे पानांत तिला कोणीच शोधत नाही. पोरीचं लग्नही मी आईशिवायच लावून टाकलं.

"बाकीचे लोक कसे वाटले?" मी विचारलं.

"ठीक आहेत. पण खरी तेच एक वाटली."

घरी येऊन ते प्रकरण पुढे लिहायला पुन्हा उघडलंय. ऑटो इतवारीत पोचतो, भांड्यांची दुकानंही दिसतात. कमल दिसत नाही.

तुम्हीच सांगा, जिला तीन वर्षं कोणी हाक मारली नाही, ती आता माझ्या हाकेला ओ कशाला देईल?