रेजने चाखलेली तिसरी बाटली

आमच्या गावात घरी बियर करणारे शुक्रवारी पबच्या मागच्या खोलीत जमतात. त्यांतला पाण्याचा जाणकार म्हणजे रेज ओकली. नवा माणूस आला की त्याने आपल्या नळाचं पाणी रेजकडे न्यायचं. रेज त्यात औषधाचे थेंब मोजून टाकत रंग बदलायची वाट पाही; जितके थेंब लागतील तितका पाण्यात चुना. मग चवीसाठी किती जिप्समची पूड घालायची ते सांगे. स्वतःचं पाणी मात्र त्याने कित्येक वर्षांत तपासलं नव्हतं. "माझा नळ मला पाठ आहे," म्हणे.

चव घेताना बाटलीवर मोजा चढवायचा, म्हणजे कुणाची ते कळत नाही, ही आमची रीत. त्या संध्याकाळी तिसऱ्या बाटलीचा घोट घेऊन रेजने तोंड वाकडं केलं.

"खारट! पाणी न तपासता केलीय." त्याची नजर शोनाकडे वळली. ती पोस्टातली मुलगी. तिची ही पहिलीच बियर. "पोरी, शिकवताना नुसतीच मान डोलवत होतीस का?"

"तुम्ही सांगितलं तसंच केलं मी."

"मग पाणी समुद्रातून आणलंस?"

सगळे हसले. शोनाने कोट उचलला.

तेवढ्यात बॅरीने मोजा ओढला. बाटलीवर रेजचं ओकच्या पानाचं लेबल होतं.

"समुद्र तुझ्याच परसात निघाला की रे, रेज," बॅरी म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. रेजचे कान लाल झाले. शोना कोटाची एकच बाही चढवून निघून गेली.

घरी रेजची बायको मॉरीन त्याला म्हणाली, "किटलीत चुना साठतो म्हणून हिवाळ्यात नळाला यंत्र नाही का बसवलं? मिठावर चालतं ते, चुना काढून पाण्यात खारटपणा सोडतं. तुला विचारलं, तर 'हो हो' म्हणालास."

दुसऱ्या दिवशी मी माझ्या कुंपणाची झुडपं कातरत होतो. शेजारी शोनाच्या दारात रेज उभा होता, हातात पाण्याची बाटली.

"माझं पाणी तपासून देतेस?"

तिने पायरीवरच तपासणीच्या काचनळीत ते पाणी घेऊन औषध टाकलं. पहिल्याच थेंबाला रंग बदलला.

"यात चुना उरलेलाच नाही, रेज."

"चारचौघांत बोललो तुला. माफीही चारचौघांतच मागेन. शुक्रवारी येशील ना?"

"येईन. पण तोवर माझी बियर कुणी चाखायची नाही. मोजा मीच काढणार."

रेजने मान हलवली. वर मात्र पाहिलं नाही.