एकाच माणसाचं गाव

आईला लेकीचा हुद्दा कधीच धड सांगता आला नाही. शेजारणींनी विचारलं की ती म्हणे, "कॉम्प्युटरमध्ये आहे. पण रक्ताबिक्ताचं." खरं तर ही लेक, म्हणजे आपल्या बाई, सरकारी संशोधन संस्थेत जनुकांच्या माहितीचा विभाग चालवत होत्या. मूळच्या गणिताच्या. तळघरातल्या खोलीत, एका कुरकुरणाऱ्या संगणकावर सुरुवात केली आणि केस पिकेपर्यंत देशभरातल्या लोकांची जनुकं वाचायचा प्रकल्प त्यांच्या गळ्यात पडला. माहितीत एक खडा दिसला तरी त्यांना घास गोड लागत नसे. म्हणून हाताखालची मंडळी मागून त्यांना 'चाळणी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आतून आवडतही होतं.

प्रकल्पासाठी लोकांनी नळीत थुंकून द्यायचं, आणि त्या लाळेतून मशीनने जनुकं वाचायची, असं काम होतं. एकदा विभागातली एक मुलगी धावत आली.

"मॅडम, डोंगराकडच्या त्या गावाहून नळ्यांची पेटी आलीये ना, तिच्या यादीत निम्म्या बायका आहेत."

"बरं मग?"

"मशीनमधून सगळे पुरुष निघालेत."

बाईंनी चष्मा चढवला आणि पडद्यावरची माहिती पुन्हा चाळली. सगळे पुरुष कुठले? सगळा मिळून एकच पुरुष होता!

संचालकांना घाम फुटला. "गुपचूप पुसून टाका. बोभाटा नको."

"पुसायचं ते पुसते. पण आधी त्याला बघून येते," बाई म्हणाल्या.

त्या गावच्या आरोग्य केंद्रात पोचल्या तेव्हा केंद्राच्या गाडीचा ड्रायव्हर टायर धूत होता. 'लाळेच्या नळ्या' एवढं कानावर पडताच गडी हात पुसत उभा राहिला आणि न विचारताच सगळं ओकला.

"लोक ऐकेनात हो मॅडम! म्हणे, आमची थुंकी नेऊन काय काय उकराल काय माहीत. नर्सबाई रजेवर, आणि पेटी न्यायची माझ्यावर. रिकामी कशी नेऊ? म्हटलं, थुंकीच तर आहे."

"अहो, पण एवढ्या नळ्या भरल्यात कशा?"

"लिंबू चोखून."

त्याची बायको तिथेच फरशी पुसत होती. ती कडाडली, "तरीच! मी मेली पोरांवर ओरडतेय, लिंबं जातात कुठे म्हणून!"

बाईंनी वाटेत चांगली खरडपट्टी जुळवून आणली होती, ती कुठल्या कुठे गेली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर त्या हसल्या. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "पण चुकलंच तुमचं. नाही म्हणायचा त्यांना हक्क होता. त्यांच्या नावावर तुम्ही हो म्हणालात."

संध्याकाळी ड्रायव्हरनेच दारोदार फिरून माणसं शाळेत गोळा केली.

एका आजीने विचारलं, "आमचे हे घोरतात का, ते कळेल?"

"त्याला मशीन कशाला हवं? तुम्हाला विचारलं तरी पुरे."

हशा पिकला. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कोण कुणाचं पोर, ते कळतं का?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. खोटं बोलणं सोपं होतं.

"कळू शकतं. पण आम्ही नाव काढून टाकतो, आणि ते शोधत बसत नाही. तरी मन घेत नसेल, तर देऊ नका. मी रागावणार नाही."

काही जण उठून गेले. बरेचसे बसून राहिले, आणि आजीने सगळ्यात आधी नळी मागून घेतली.

ड्रायव्हरच्या नळ्यांवरची खोटी नावं बाईंनी पुसली, पण त्याची रीतसर परवानगी घेऊन लाळ मशीन तपासायला ठेवून घेतली. माणूस एकच, तेव्हा प्रत्येक नळीचं उत्तर एकच यायला हवं. जुन्या मशीनने ते दिलंही होतं; नंतर संस्थेत आलेल्या नव्या महागड्या मशीनमधून मात्र नळीगणिक वेगळाच गडी निघाला! मशीनचा दोष उघडा पडला आणि बनवणारे धावत येऊन दुरुस्त करून गेले.

पुढे परिषदेत संचालकांनी छाती फुगवून सांगितलं, "एकाच व्यक्तीचे अनेक नमुने घ्यायचे, ही आमची पूर्वनियोजित चाचणी होती."

पहिल्या रांगेत बाईंना असा काही ठसका लागला, की शेवटी पाणी आणून द्यावं लागलं.