काँगोची खुर्ची

मी आज जो काही आहे तो वर्ल्डवाल्या सरांमुळे. कॉलेजात ते आधुनिक जगाचा इतिहास शिकवत, म्हणून हे नाव. वर्षाच्या सुरुवातीला ते प्रत्येकाला एक देश देत आणि पुढे त्याच नावाने हाक मारत. "सर्बिया, खिडकी लाव गा. रशिया, आज पुन्हा उपाशी आली काय वं?" माझ्या वाट्याला काँगो आला. मी तालुक्याच्या शाळेतून आलेलो, घरातून कॉलेजात पोचलेला पहिलाच. काँगो नकाशात कुठे असतो हेही मला ठाऊक नव्हतं.

दिलेल्या देशाच्या वतीने वर्षभर उत्तरं द्यावी लागत. वर्गात पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या दिवशी सर माझ्याकडे वळले. "तिकडे युवराजाले गोळी लागली. काँगो, तुह्यं काय गेलं?"

"काही नाही, सर."

"काही नाही? मंग आफ्रिकेतल्या लढाईत फौजेचं सामान डोक्यावर घेऊन कोण चालून राहिलं?"

कोणतंही युद्ध आलं की त्यांचा हाच प्रश्न असे, सामान कोणी उचललं? सेनापतींची नावं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहीत आणि तास संपायच्या आत पुसूनही टाकत.

युरोपच्या देशांनी आफ्रिका आपसात वाटून घेतली, त्या वाटणीचा तास मात्र कुणीच चुकवत नसे. सर टेबलावर खडूने आफ्रिकेचा नकाशा काढत, युरोपवाल्यांना भोवती खुर्च्या देत आणि आम्हा आफ्रिकेच्या देशांना बाहेर व्हरांड्यात उभं करत. दार सताड उघडं असे. आमच्या वर्षी आम्ही बाहेरून हसत पाहत होतो. बेल्जियम म्हणजे सीताबर्डीतल्या कापड दुकानदाराचा मुलगा. त्याने नकाशातल्या काँगोवर पंजा ठेवला आणि म्हणाला, "हे पूर्ण आमच्या राजाचं!" वाटणी आटोपल्यावर सरांनी आम्हाला आत बोलावलं.

"काँगो, दार उघडं होतं. आत काहून नाही आला?"

"तुम्हीच बाहेर पाठवलं होतं, सर."

"पाठवणाऱ्याचंच ऐकत राहाचं असते काय गा?"

वर्ग हसला, मीही हसलो. खोलीवर गेल्यावर आजोबा आठवले. गावच्या शाळेत त्यांना दाराबाहेर बसून शिकावं लागलं होतं. त्यांना आत येऊ दिलं जात नव्हतं. मला कुणी अडवलं नव्हतं, तरी मी बाहेरच उभा राहिलो. त्यानंतर त्या तासाचं हसू काही मला आलं नाही.

रशियातली क्रांती शिकवताना ते पुढाऱ्यांपासून सुरुवात करत नसत, पावाच्या रांगेपासून करत. "रांगेतल्या बाईनं ठरवलं, आज रिकाम्या हातानं घरी जात नाही. झाली सुरू." एवढं बोलून ते दाराकडे बघत. ते दाराकडे का बघतात, हे मला फार उशिरा कळलं.

मीही आता तोच विषय शिकवतो, तासिका तत्त्वावर. दर जूनला नव्याने मुलाखत, सुट्टीत पगार बंद. वर्षांमागून वर्षं अशीच गेली. मागच्या महिन्यात भाऊजींनी शहराबाहेर वाडीला एका गोदामात माझ्यासाठी कायमची नोकरी पाहून ठेवली. "जर्मनी-फ्रान्सनं घर चालते काय गा?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

त्याच सुमारास सर आजारी असल्याचं कळलं आणि मी रामदासपेठेतल्या दवाखान्यात गेलो. पुढच्या आठवड्यात मुलगी त्यांना कायमचं पुण्याला नेणार होती. नर्स सलाईन बदलत होती. तिला ते म्हणाले, "हा काँगो. याले खुर्ची दे वं." तिने आधी माझ्याकडे, मग त्यांच्या तापाच्या कागदाकडे पाहिलं.

मी वाडीच्या नोकरीचं सांगितलं. मी काय करावं, असंही विचारलं.

"मले नको विचारू. तुह्या जिंदगीचं मी ठरवलं, तर इतकी वर्षं काय शिकवलं मंग?" त्यांनी डोळे मिटले. "दरवर्षी दार उघडं ठेवलं गा. एक बी पोरगं आत आलं नाही. थकलो आता."

ते पुण्याला गेले. आठवड्याभराने मी त्यांना हे पत्र पाठवलं.

*आदरणीय सर,*

*सविनय जयभीम.*

*काल वाटणीचा तास घेतला. हा आपला शेवटचाच, असं धरून घेतला. आज भाऊजींना होकार द्यायचा होता. टेबल, खडू, उघडं दार, सगळं तुमच्यासारखंच केलं. यंदाचा काँगो म्हणजे उमरेडकडून एसटीने येणारी एक मुलगी. वर्गात कधी तोंड उघडत नाही. बेल्जियमने नकाशावर हात ठेवला आणि ती सरळ आत आली. मागची खुर्ची ओढत आणली आणि टेबलाशी बसली. बेल्जियम म्हणाला, "तू बाहेर राह्य नं वं!" ती म्हणाली, "माह्यंच वाटून राहिले नं तुम्ही? मंग मी बाहेर काहून?"*

*सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. पुढे काय करायचं ते मला सुचेना. तुमच्या वर्गात गोष्ट इथवर कधी आलीच नव्हती.*

*भाऊजींना नाही म्हणून आलो. ते रागावले आहेत. थकवा आहेच, सर, आणि जूनमध्ये मला बोलावतील की नाही कुणास ठाऊक. पण ती अजून खुर्चीवरून उठलेली नाही असंच मला वाटतं आहे. सोमवारी पुन्हा तास आहे.*

*तुमचा,*
*काँगो*